पळ

पहाटे सव्वातीनला मुहर्रकच्या खाडीवर
विमान इतकं खाली येतं की चाकं मोजावीत.
मी तेव्हा डाव्या टाचेची मनधरणी करत असते.
उठल्यावरची पहिली दहा पावलं तिची,
भिंतीला धरून, न्हाणीघरापर्यंत,
परक्या घरात रात्री पाणी प्यायला उठावं तशी.
मग ती ऐकते.
मग आम्ही निघतो.

शीजा म्हणते, तू सदतीस,
पण ही शीर पन्नाशीची आहे.
शीजा कोट्टायमची. तिचा अंगठा पोटरीत रुतला
की मला मल्याळम समजायला लागतं.
नडगीची चीर तिनंच बसवली, दोह्याहून आणलेली.
मांडीमागचा स्नायू फुजैराच्या चढावर गेला,
कापड टरकल्यासारखा आवाज झाला
आणि मी मागे वळून पाहिलं,
कुणाचं काय फाटलं म्हणून.

खरमाटे सरांकडे स्टॉपवॉच नव्हतं, पंचांग होतं.
चुन्यानं आखलेलं मैदान, वळणावर बाभळ,
काटे वेचून झाले की सराव सुरू.
चोवीस सेकंदांचं एक पळ, ते सांगायचे,
अडीच पळांचं मिनिट, साठ पळांची घटका.
आणि ओरडायचे, पळ!
वेळ सांगताहेत की हुकूम सोडताहेत,
मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग व्हिक्टर. त्याच्या वहीत फक्त किलोमीटर.
दुखतंय म्हटलं की तो बटाटे उकडायचा.
मग इद्रिस आला, त्यानं वही फाडली,
माझं पाऊल टाचेवरून चवड्यावर आणलं.
दोन वर्षांनी त्याचा करार संपला.
तो गेला, चवडा राहिला,
टाचेचं दुखणं त्यानंतरचं.
हे मी कुणाला बोलले नाही. इद्रिसच्या हाताखालीच
मी सगळ्यात जोरात धावले होते.

आता नूनो. अठ्ठावीस वर्षांचा.
कानाच्या पाळीतून थेंबभर रक्त काढतो,
लॅपटॉपकडे बघतो,
आणि वाईट असेल तेव्हा त्याचा आवाज मऊ होतो.
एप्रिलमध्ये फार मऊ झाला.

दहा हजार मीटरमागे माझी पाच पळं गेली आहेत.
कुठं सांडली, सांगता येत नाही.
ऑगस्टमध्ये बाहेर रस्ता पेटलेला असतो,
मी एसीच्या खोलीत पट्ट्यावर धावते,
तीस किलोमीटर, आणि समोर
तोच लाल अग्निशामक, तिथंच.
तिथं सांडली असतील.

आईला फोनवर सांगितलं, पेसमेकर झाले.
ती घाबरली. अगं, हृदयाला काय झालं?
म्हटलं, काही नाही गं,
पुढं धावायचं, दुसरीला वेग द्यायचा,
पंचविसाव्या किलोमीटरला बाजूला व्हायचं.
ती जरा वेळ गप्प.
मग म्हणाली, पैसे तेवढेच देतात ना?

डिसेंबर. ओहोटीचा वास, पुलावर वारा उलटा.
तिगिस्तचा श्वास माझ्या मानेवर,
एकवीस वर्षांचा, नव्या पासपोर्टचा, अजिबात न शिणलेला.
मी वारा अंगावर घेतला. तेवढं येतं मला अजून.
टाच गप्प होती. मी मोजत होते
सेकंद नाही, पळं,
आणि बाविसाव्या किलोमीटरला वाटलं,
आज गेले असते मी. आज पुरी गेले असते.

पंचवीसची पाटी.
तिनं माझ्या कोपराला दोन बोटं लावली
आणि पुढे झाली,
दाराला लावावीत तशी.

हलव्याच्या दुकानासमोर फुटपाथवर चढले.
दुकानदारानं खुर्ची सरकवली, पाणी दिलं,
आणि विचारलं, हरवलात का?
नाही म्हटलं. माझं एवढंच होतं.

गाडीपर्यंत चालत गेले, लंगडत, सावकाश.
घरी येऊन पाहिलं तर
घड्याळ बंद करायचं राहून गेलेलं.
सगळं धरलं होतं त्यानं,
खुर्ची, पाणी, जिना,
धावण्यातच.